थेरेसबाईंचा तळ्यातला ओंडका

थेरेसबाईंनी मला पहिल्याच भेटीत टोपलीवर उभं केलं.

टोपली त्यांच्या घरामागच्या गवतावर पालथी होती. शेतातून बटाटे वाहायची टोपली, त्यांच्या आईने विणलेली, पासष्ट वर्षं वापरातली. मी ती आधी उचलून पाहिली. जेवणाच्या भरल्या डब्याएवढीही जड नव्हती. बाईंनी हाताने खूण केली.

"बाबा, त्या म्हणतायत वर चढा," माझी मुलगी हिमानी म्हणाली.

माझं वजन बहात्तर किलो. वयही तेवढंच. म्हटलं, मोडली तर?

हिमानीने विचारलं. बाई हसल्या. "मोडली तर दोष माझ्या आईचा. तिला आता कोण बोलणार?"

मी चढलो. टोपली कुरकुरलीसुद्धा नाही.

मी चौतीस वर्षं कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात लोहारशाळेत काढली. हॅमरमन होतो, म्हणजे घण मारणारा. कुठली वस्तू किती सोसेल हे मला नुसतं बघून कळतं, असा माझा समज होता. ही टोपली बघून मला काहीच कळलं नव्हतं.

हिमानी श्रूजबरीत राहते. बॉस्टनच्या पश्चिमेला तासाभरावरचं गाव. तिच्या घराच्या मागे झाडी, झाडीपलीकडे एक लहान तळं, तळ्याकाठी थेरेसबाईंचं घर. मी आणि सुलभा, माझी बायको, जूनमध्ये सहा महिन्यांसाठी आलो. तिथे माणसाला चालण्याशिवाय काम नसतं. मी रोज तळ्याला फेरी मारायचो आणि बाई मागच्या पायरीवर बसून विणत असायच्या. माझं इंग्रजी कारखान्यातलं. जॉब, शिफ्ट, टाइट, लूज. पण हात चालू असलेल्या माणसाशेजारी बसायला भाषा लागत नाही.

बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. अबेनाकी, म्हणजे या मुलखातल्या मूळच्या माणसांपैकी. जन्म उत्तरेला, व्हरमाँटमध्ये. उन्हाळ्यात सगळं घर सरोवराकाठी तंबू टाकायचं आणि हॉटेलात आलेल्या पाहुण्यांना टोपल्या विकायचं. वडील लाकूड तयार करायचे, आई विणायची. थेरेस सहाव्या वर्षी विणायला बसली. पहिली टोपली आईने उसवली. दुसरी पण उसवली. सातवी ठेवली.

"सहा उसवल्या तेव्हा रडलात का?" मी हिमानीतर्फे विचारलं.

"नाही. सातवी ठेवली तेव्हा रडले. वाटलं, आता सुटका नाही."

पुढे लग्न करून त्या इकडे आल्या. नवरा रेमंड तारेच्या कारखान्यात, तीन पाळ्यांत. बाई शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं. सकाळी पाचला उठून चारशे मुलांचं जेवण, संध्याकाळी टोपली. रविवारी रेमंड लाकूड तयार करायचा. आम्ही येण्याआधीच्या फेब्रुवारीत रेमंड हृदयविकाराने गेला.

टोपल्या कशाच्या, तर ब्लॅक अ‍ॅश नावाच्या झाडाच्या. आपल्याकडे हे झाड नाही. दलदलीत वाढतं. पानं कडुलिंबासारखी, एका दांडीला समोरासमोर. वसंतात सगळ्यांच्या शेवटी पालवतं, शरदात सगळ्यांच्या आधी पानं टाकतं. साल बुचासारखी मऊ, बोटाने चोळली तर भुगा होतो. बघून कुणी दोनदा बघणार नाही असं झाड. पण बाईंच्या माणसांनी त्याच्यावर संसार केले. पाठीवरची टोपली, मासे धरायचा पिंजरा, मका चाळायची चाळण, तान्ह्या मुलाला बांधून न्यायची फळी, बर्फात चालायच्या जोड्याची चौकट. त्यांच्यात असंही सांगतात की पहिली माणसं या झाडाच्या खोडातून बाहेर आली. बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या देवाधर्माचं सांगावं तसं बोलल्या नाहीत. माहेर कुठलं हे सांगावं तसं बोलल्या.

एकदा त्यांनी आम्हाला तळ्यामागच्या दलदलीत नेलं. तिथे ती झाडं उभी होती. सगळी मेलेली. सुतार पक्ष्यांनी साल सोलून काढली होती, खोडं पिवळी-पांढरी पडली होती. एक हिरवा, चकाकणारा किडा, भाताच्या लोंबीतल्या दाण्याहून थोडा मोठा. बाहेरच्या देशातून आला. त्याच्या अळ्या सालीखाली बोगदे पाडतात. झाडाचं पाणी तुटतं. मी एकेका खोडाला हात लावत गेलो. एकतीस मोजली आणि सोडून दिलं. माणसाएवढ्या जाडीची झाडं, भाताएवढ्या किड्याने.

बाईंची एकच गडबड चालली होती. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी त्यांच्या समाजातल्या आठ मुली शिकायला येणार होत्या. वेगवेगळ्या गावांहून. नात मॅडलिनने सगळ्यांना जमवलं होतं. बाईंचा उजवा खांदा निकामी होत आला होता. डॉक्टरांनी त्याच्या पुढच्या महिन्यातली शस्त्रक्रियेची तारीख दिली होती. "नंतर हात वर जाईल न जाईल," बाई म्हणाल्या. "या वेळी शिकवलं तर शिकवलं."

हे सगळं मला ठाऊक होतं. एक ठाऊक नव्हतं. टोपलीच्या पट्ट्या कशा निघतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी धरून चाललो होतो की करवतीने फळ्या पाडत असतील आणि रंध्याने तासत असतील.

मुली येणार त्याच्या आधीच्या शनिवारी बाई बहिणीकडे व्हरमाँटला गेल्या. बुधवारी येणार होत्या. उन्हाळा कोरडा गेला होता, तळं उतरलं होतं. रविवारी सकाळी फेरी मारताना मला पाण्यात एक ओंडका दिसला. दोरीने काठच्या झाडाला बांधलेला, दगड लावून बुडवलेला. एक टोक उघडं पडलं होतं. सरळ, गाठ नसलेला, सात फूट लांब. असा माल पाण्यात कुजतोय हे मला बघवेना. म्हटलं, रेमंडने बुडवला असेल, बाईंना एकटीला काढता येत नसेल. चांगलं लाकूड आधी वाळवायचं असतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मी पहार आणली. दोन फळ्या उतारावर लावल्या. खाली पाइपचे तीन तुकडे टाकले. ऐंशी-नव्वद किलो वजन. एकट्याने दोन तास लागले. किडा सालीत असतो हे ऐकलं होतं, म्हणून कुऱ्हाडीने साल सोलली. ओंडका दोन विटांवर उन्हात ठेवला. रोज सकाळी पाव वळसा फिरवत होतो, सगळीकडून सारखं ऊन लागावं म्हणून. काम व्यवस्थित केलं होतं. तेच वाईट झालं.

सुलभाने तेव्हाच टोकलं होतं. "कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसतंय की."

"तुम्हाला दिसतं तेव्हा दुसऱ्याला विचारायचं असतं."

बुधवारी दुपारी बाई आल्या. मी अंगणातच होतो, कौतुक ऐकायला. त्या ओंडक्याजवळ गेल्या. तळवा टोकावर ठेवला. टोकाला केसाएवढ्या चिरा पडल्या होत्या. त्या चिरांवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग पायरीवर जाऊन बसल्या. मी हिमानीला फोन केला.

हिमानी धावत आली. बाईंचं बोलणं ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

"बाबा, तुम्ही लॉग बाहेर काढलात? आणि साल पण सोलली? सीरियसली?"

"वाळवायला."

"तो वाळवायचाच नसतो! हे लाकूड ओलं असतानाच ठोकतात. ठोकून ठोकून त्याचे थर सुटतात, एकेका वर्षाचा एकेक थर. त्याच पट्ट्या. वाळलं की थर सुटत नाहीत, तुटतात. म्हणून पाण्यात ठेवला होता. रेमंडकाकांनी मागच्या ऑक्टोबरात शेवटचं जिवंत झाड पाडलं, त्याचा हा ओंडका. दुसरा नाहीये, बाबा. येत्या शनिवारी याच्यावरच शिकवायचं होतं."

मी पहार आणि पाइपचे तुकडे परत आणायला गेलो.

ओंडका परत पाण्यात घातला. या वेळी मी आणि जावई ईशान, दोघांनी. बाईंच्या भाच्याने ठोकायला यायचं होतं. त्याचा संध्याकाळी फोन आला, कंबर धरली आहे, येत नाही. गुरुवारी सकाळी मी गेलो तेव्हा बाईंनी ईशानकडून ओंडका काठावर ओढून घेतला होता आणि स्वतःच ठोकत होत्या. हत्यार म्हणजे एक जुनी कुऱ्हाड, पात्याच्या उलट्या बाजूने मारायची. त्या बाजूच्या कडा रेमंडने घासून गोल केल्या होत्या, लाकूड कापू नये म्हणून. मी मोजत होतो. सतराव्या घावाला बाईंचा हात खाली आला तो वर जाईना. त्यांनी डाव्या हाताने कुऱ्हाड उचलून पाहिली. चार घाव. वाकडे.

मी हात पुढे केला. "मी. माय जॉब."

हिमानी घरूनच काम करत होती, ती आली. "बाबा, बहात्तर वर्षांचे आहात. ब्लड प्रेशर आहे."

"चुकीचं काम मी केलं. दुरुस्ती दुसरा करणार का?"

बाईंनी कुऱ्हाड दिली. मी पाय रोवले आणि लोखंडाला घालतो तसा घाव घातला. लाकडात खळगा पडला. तंतू चिरडले, बाजूला पांढरे उभे राहिले.

"नो!" बाई ओरडल्या. मग लांबलचक काहीतरी.

हिमानी म्हणाली, "त्या म्हणतायत, तुझ्याशी याचं भांडण नाहीये. मारू नको, सोडव."

दुसरा घाव हलका घातला. तो फारच हलका. तिसरा बरा, पण जागा चुकली. बाई प्रत्येक वेळी बोलायच्या, हिमानी सांगायची, मी मारायचो. घाव होऊन गेल्यावर सूचना. असं काम होत नाही. मी थांबलो.

लोहारशाळेत आमची रीत अशी. ऐरणीपाशी मिस्त्री, हातात लहान हातोडी. समोर घणवाला. मिस्त्री हातोडीने जिथे टिचकी मारेल, तिथेच घण पडला पाहिजे. टिचकी हलकी तर घण हलका, जोरात तर जोरात. हातोडी आडवी ठेवली की थांब. बोलणं नाही. भट्टीच्या आवाजात बोललेलं ऐकूच येत नाही. वीस वर्षं मी एका मिस्त्रीपुढे घण मारला, कामाच्या वेळात त्याने मला शंभर शब्दही सांगितले नसतील.

मी पायरीवरून बाईंचा लाकडी ठोकळा आणला, टोपलीची वीण दाबायचा. त्यांच्या डाव्या हातात दिला. ठोकळा लाकडावर टेकवून दाखवला, मग तिथेच घाव घातला. पुन्हा टेकवला, पुन्हा घाव. ठोकळा आडवा ठेवला आणि थांबलो. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ओंडक्यापाशी गुडघे टेकून बसल्या.

टक. धप. टक. धप.

हिमानी थोडा वेळ उभी राहिली. "माझी गरज नाहीये ना?" म्हणाली आणि मीटिंगला निघून गेली.

बाई सारख्या अंतराने पुढे सरकायच्या. एका घावाच्या अर्ध्यावर दुसरा घाव. सात फुटांच्या एका रेषेत सत्त्याऐंशी घाव. मग पुन्हा टोकापासून, शेजारची रेषा. दोन रेषा झाल्या की पट्टीची रुंदी. घाव जड नव्हता. सारखा असायला हवा होता, आणि सारखं मारणं हे जोरात मारण्याहून अवघड. हे मला माहीत होतं. पण इतकं माहीत नव्हतं.

पहिला थर हाताएवढा सुटला आणि तुटला. दुसराही. तिसरा बोटभर लांबीचे तुकडे होऊन आला. माझ्या उन्हाचं काम. बाई तुकडे बाजूला टाकत होत्या. चौथा, पाचवा. सहावा अर्ध्यापर्यंत आला. तो मधोमध फाटला.

दुपारी सुलभा पोहे घेऊन आली. बाईंनी खाल्ले. तुकड्यांच्या ढिगाकडे बोट करून त्या हळू, सोप्या इंग्रजीत बोलल्या, मला कळावं म्हणून. "सिक्स इयर्स, पुरू. यू एट सिक्स इयर्स." सहा वर्षं खाल्लीस. पुरुषोत्तम त्यांच्या जिभेला झेपत नसे.

"आणि वर माझे पोहे," सुलभा मराठीत म्हणाली. कसं कळलं कोण जाणे, बाई मोठ्याने हसल्या.

जेवणानंतर सातवा थर. टक, धप. दोन रेषा पूर्ण झाल्या. बाईंनी ठोकळा आडवा ठेवला. सुरीने टोकाला थर उचलला आणि मला धरायला सांगितलं. मी ओढलं.

ते सुटत गेलं. फाटलं नाही, अडलं नाही. मी मागे मागे चालत गेलो आणि लाकूड माझ्याबरोबर येत गेलं. सात फूट. एकसारखी जाडी, एकसारखी रुंदी. ना करवत, ना रंधा, ना पट्टीने मारलेली खूण. ओला चुरा खाली गळत होता. त्या झाडाने एका वर्षी जेवढं अंग धरलं तेवढं, ना कमी ना जास्त, माझ्या हातात होतं. मी आमच्या गावचे बुरूड बांबू चिरताना पाहिले आहेत, त्यांचा हात मोठा. पण बांबू माणूस चिरतो. हे झाडाने स्वतःच आत आखून ठेवलं होतं. आपण फक्त ठोठावायचं.

बाईंनी पट्टी घेतली. टोकाला सुरीने जाडीच्या मधोमध चीर दिली, दोन पाती दोन हातांत धरली, पट्टी गुडघ्यांमध्ये आवळली आणि ओढली. एका पट्टीच्या दोन झाल्या. उजव्या खांद्याच्या कळेने त्या कण्हल्या, पण हात थांबवला नाही. मग आतली बाजू माझ्या गालाला लावली. लाकूड असं नसतं. नवजात बाळाच्या पाठीसारखं ते होतं. मी चौतीस वर्षं लाकडाचे दांडे हातात धरले. आत हे असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मला खाली बसावं लागलं. दमलो होतोच. पण दमून बसलो नव्हतो.

गुरुवारी अंधार पडायच्या आत नऊ पट्ट्या निघाल्या. शुक्रवारी सकाळी सहाला सुरू केलं. मनगट सुजलं होतं, सुलभाने फडकं आवळून बांधलं. त्या दिवशीच्या चौदाशे घावांनंतर मी मोजणं सोडलं. आत जावं तसं लाकूड अधिक ओलं, थर अधिक खुशीने सुटत होते. कधी कधी तीन वर्षं एकदम निघायची. काही थर कागदाएवढे पातळ. बाई म्हणाल्या, ती कोरडी वर्षं. एक थर जाड, दोन पट्ट्या होतील एवढा. "या वर्षी पाऊस भरपूर होता," बोटांवर मोजून त्या म्हणाल्या. "मॅडलिन जन्मली ते वर्ष." ती पट्टी त्यांनी वेगळी ठेवली.

दुपारी दोनला ओंडक्याचा एक तृतीयांश उरला. मी घाव घालायला हात उचलला आणि बाईंनी ठोकळा आडवा ठेवला.

मला वाटलं, चूक झाली. बाईंनी मान हलवली. हिमानी आल्यावर त्या बोलल्या, पहिल्यांदाच बराच वेळ. त्यांच्यात ठोकायचं काम बाप्यांचं. बायका विणायच्या. वडिलांनी ठोकलं, रेमंडने ठोकलं, बाईंनी सत्तर वर्षं शेजारी बसून पाहिलं आणि कालपर्यंत कधी हात लावला नाही. मुलींना विणणं शिकवता आलं असतं. ठोकणं कसं शिकवायचं हे त्यांना माहीत नव्हतं. भाचा येऊन ठोकून देईल, मुली पट्ट्या घेतील, असं त्यांनी ठरवलं होतं.

"आणि पुढच्या वेळी पट्ट्या कुठून आणणार होत्या?" मी विचारलं.

"तेच," बाई म्हणाल्या. "ते मी स्वतःला विचारत नव्हते."

उरलेला ओंडका आम्ही परत पाण्यात ठेवला. पूर्ण बुडवून.

शनिवारी मॅडलिनसकट आठही जणी आल्या. कुणी नर्स, कुणी कॉलेजात, एक ट्रक चालवणारी. पट्ट्या आठ टोपल्यांना पुरणार नव्हत्या, पाचांना पुरल्या असत्या. बाईंनी ते आधीच सांगितलं, का ते सांगितलं नाही. उरलेला ओंडका काठावर आणून ठेवला होता आणि मी मागे उभा होतो, सांगायला शेजारी हिमानी. माझ्या सुजलेल्या हाताने कुऱ्हाड उचलली नसती, आणि उचलू नये हे मला समजत होतं.

बाईंनी कुऱ्हाड मॅडलिनच्या हातात दिली. स्वतः गुडघ्यांवर बसल्या, डाव्या हातात ठोकळा.

"ग्रँडमा, हे आजोबांचं काम," मॅडलिन म्हणाली.

"आजोबा नाहीत. तू आहेस. मी दाखवीन तिथे मार."

पहिला घाव हलका. टक, तिथेच पुन्हा. दुसरा जड, खळगा पडला. टक, तिथेच. बाकीच्या सात जणी आधी हसत होत्या, मग जवळ सरकल्या. तिसाव्या घावापर्यंत मुलीचा हात बसला. मला पाठीमागूनही ऐकू येत होतं. आवाज सारखा झाला होता. मधेच ती थांबली, तळहाताकडे बघितलं. फोड आले होते. बाईंनी ठोकळा पुढे सरकवला आणि टिचकी मारली. मुलीने कुऱ्हाड उचलली.

दोन रेषा पूर्ण झाल्या. बाईंनी टोक सोडवून दिलं. मॅडलिनने ते धरलं, ओढलं आणि मागे चालू लागली. लाकूड तिच्या मागून येत गेलं, शेवटच्या टोकापर्यंत, अख्खं. ती पट्टी दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

बाईंनी पट्टीकडे पाहिलं. उजेडात धरली, दोन्ही बाजू तपासल्या, एका जागी अंगठ्याने दाबून पाहिलं.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या आणि ठोकळा ट्रकवाल्या मुलीच्या समोर टेकवला. "आता तू ये."